सिल्हूट नेमबाजीसाठी परवडणारा स्कोप: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

फोंड्याच्या परिसरात एअर रायफलवर सिल्हूटचा सराव करणाऱ्या आमच्या लहानशा गटात दर वर्षी चतुर्थी आटोपली की एक-दोन नवे नेमबाज येतात, आणि रायफल हातात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न स्कोपचाच, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीचाच असतो. जितका झूम अधिक तितका नेम अचूक, अशी बहुतेकांची समजूत असते. माझे मत याच्या उलट आहे. हातात पैसे मोजके असतील, तर ते पॅरलॅक्स (डोळा सरकल्यावर स्कोपमधली फुली, म्हणजे क्रॉस, लक्ष्यावरून हलल्यासारखी दिसणे) जुळवण्याच्या सोयीसाठी आणि भरवशाच्या क्लिकसाठी, म्हणजे नेम टप्प्याटप्प्याने सरकवणाऱ्या बटनांसाठी, खर्च करावेत. झूमचा विचार त्यानंतर करावा. हे मत पटण्यासाठी या खेळाची रचना थोडी समजून घ्यावी लागते.

सिल्हूट हा मेक्सिकोत जन्मलेला खेळ आहे. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा अशा चार लोखंडी आकृत्या, प्रत्येकी पाचच्या रांगेत, वेगवेगळ्या अंतरांवर ठेवलेल्या असतात. नेमबाजाने उभ्याने, कोणत्याही आधाराशिवाय त्या पाडायच्या असतात आणि पाच छऱ्यांसाठी अडीच मिनिटे मिळतात. मोठ्या रायफलींसाठी ही अंतरे २०० ते ५०० मीटर असतात, .२२ रिमफायरसाठी, म्हणजे लहान काडतुसाच्या रायफलीसाठी, ४० ते १०० मीटर, आणि एअर रायफलसाठी २०, ३०, ३६ व ४५ यार्ड, म्हणजे साधारण १८, २७, ३३ आणि ४१ मीटर. एअर रायफलच्या आकृत्या मूळ आकाराच्या दहाव्या हिश्श्याच्या असल्यामुळे कोंबडी जेमतेम तीन सेंटीमीटरची भरते. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की ज्यांना पुढे ऑलिंपिक पद्धतीच्या १० मीटर एअर रायफल प्रकाराकडे वळायचे आहे, त्यांनी स्कोप घेऊच नये. तेथे दुर्बिणीला परवानगी नाही, छिद्रातून पाहण्याची डायॉप्टर साइट वापरावी लागते.

आता पॅरलॅक्सविषयी. स्कोप एका ठरावीक अंतरासाठी जुळवलेला असतो. त्या अंतरावर डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी क्रॉस लक्ष्यावरून हलत नाही, पण अन्य अंतरावर तो हलतो. साधे शिकारी स्कोप बहुधा १०० यार्डांवर जुळवलेले असतात. ४० मिलिमीटर भिंगाचा असा स्कोप १८ मीटरवरील कोंबडीकडे रोखला आणि डोळा दृश्याच्या अगदी कडेला गेला, तर गणिताने सुमारे १६ मिलिमीटरची चूक होऊ शकते, म्हणजे निम्मी कोंबडी. ४१ मीटरवर हीच चूक ११ मिलिमीटरच्या आसपास राहते. ही झाली कमाल चूक, गाल दर वेळी एकाच जागी टेकवणाऱ्याची चूक बरीच कमी असते; परंतु उभ्याने नेम धरताना नवशिक्याचा गाल एकाच जागी राहत नाही, हीच तर त्याची अडचण असते.

या कसोटीवर सर्वांत स्वस्त पर्याय, म्हणजे पॅरलॅक्स न बदलता येणारा ३-९×४० (तीन ते नऊ पट झूम, ४० मिलिमीटरचे पुढचे भिंग) स्कोप, मागे पडतो. तो हलका आणि आटोपशीर असतो, शिवाय त्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात. पण एअर रायफलच्या चारही अंतरांवर तो जन्मतःच चुकीचा जुळवलेला असतो. एवढ्याच पैशांत भागवायचे असेल, तर रिमफायरसाठी बनवलेला लहान स्कोप पाहावा. व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू मालिकेतील २-७×३२ रिमफायर स्कोप ५० यार्डांवर जुळवलेला आहे. भिंग लहान असल्याने ४१ मीटरवर त्याची कमाल चूक दोन मिलिमीटरच्याही आत येते, मात्र १८ मीटरवर ती नऊ-दहा मिलिमीटर उरते. सात पट झूम कमी वाटतो, पण शिकण्याच्या पहिल्या वर्षात त्याने कोणाचे अडत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे पुढच्या भिंगाभोवतीच्या कड्याने पॅरलॅक्स जुळवणारा, एओ या अक्षरांनी ओळखला जाणारा ४-१२×४० स्कोप. हॉकच्या व्हँटेज मालिकेतील ४-१२×४० एओ हे याचे ठळक उदाहरण आहे: एक इंची नळी, मिलडॉट रेटिकल (क्रॉसच्या रेघांवर ठरावीक अंतराने ठिपके असलेली आखणी), पाव एमओएचे (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) क्लिक आणि १० यार्डांपासून पुढे जुळणारा पॅरलॅक्स. व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू ४-१२×४० एओ त्याच वर्गातला आहे. बांधणीत तो कमी नाही, परंतु त्याचे रेटिकल बंदुकीची गोळी अंतरागणिक किती खाली येते ते डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असल्यामुळे त्यावरील खुणा छऱ्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पुढच्या कड्यावर छापलेल्या अंतरांवर विसंबू नये. चारही अंतरे फितीने मोजून, चित्र आणि क्रॉस दोन्ही स्थिर दिसतील त्या जागी पांढऱ्या शाईची बारीक खूण करून ठेवावी.

तिसरा पर्याय ३० मिलिमीटर नळीचा आणि बाजूच्या चाकाने पॅरलॅक्स जुळवणारा, उदाहरणार्थ यूटीजीचा ३-१२×४४. गाल न उचलता चाक फिरवता येते, रेटिकलला प्रकाश आहे, टरेटही, म्हणजे क्लिकची बटनेही, मोठे आहेत. कागदावर हा सर्वांत श्रीमंत पर्याय दिसतो. पण बाजूच्या चाकाचा खरा उपयोग प्रत्येक छऱ्यागणिक अंतर बदलणाऱ्या फील्ड टार्गेट प्रकारात होतो. सिल्हूटमध्ये पाचही आकृत्या एकाच अंतरावर असतात, त्यामुळे रांगेच्या सुरुवातीला एकदा कडे फिरवले की काम झाले, आणि त्यासाठी पुढचे कडे पुरते. चाकासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही, शिवाय जाड नळी आणि मोठ्या टरेटचे वजन रायफलीच्या माथ्यावर बसते आणि उभ्याने नेम धरणाऱ्याला ते तिसऱ्या रांगेपर्यंत जाणवू लागते. प्रकाशाचा मात्र उपयोग आहे. काळ्या रंगाच्या आकृतीवर काळा क्रॉस हरवतो, आणि पोफळींच्या सावलीत, कुळागराच्या कडेला सराव करणाऱ्यांना हा अनुभव रोजचा असतो; अशा वेळी मंद लाल प्रकाश बराच आधार देतो.

चौथा पर्याय ६-२४×५०, आणि तो स्वस्तातला असेल तर मी त्याच्या विरोधात आहे. २४ पटीवर ५० मिलिमीटरच्या भिंगातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत फक्त दोन मिलिमीटरचा असतो; ४० मिलिमीटरच्या भिंगातून १२ पटीवर तो सव्वातीन मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो. सावलीत डोळ्याची बाहुली याहूनही मोठी होते, त्यामुळे २४ पटीचे चित्र अंधारलेले दिसते आणि डोळा किंचित हलला तरी काळे पडते. हाताचे कंपनही तेवढेच मोठे होऊन दिसते, आणि ते थांबण्याची वाट पाहत अडीच मिनिटे संपतात. जगातील मुरलेले सिल्हूट नेमबाज मोठा झूम वापरतात, वीव्हरच्या ३६×४० टी-३६ सारखे ठरावीक झूमचे स्कोपही वापरतात, हे खरे आहे. पण त्यांची भिंगे उत्तम असतात आणि ते कंपनाकडे पाहत असतानाच योग्य क्षणी घोडा दाबायला शिकलेले असतात. माझ्या एका मित्राने घेतलेला असा स्वस्त ६-२४×५० त्याच्या स्प्रिंग रायफलवर (स्प्रिंगच्या जोरावर छरा सोडणारी) दोन महिन्यांत ढिला पडला: क्रॉस हळूहळू तिरपा होत गेला आणि विक्रेत्याने दोष माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलीला धरणाऱ्या पकडीवर, ढकलला.

या प्रसंगात रायफलीचाही हात होता. स्प्रिंग रायफलचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे, असा दुहेरी असतो, आणि पुढचा धक्का सोसण्यासाठी सगळे स्कोप बनलेले नसतात. म्हणून स्प्रिंग रायफल असेल तर स्कोप स्प्रिंगसाठी योग्य असल्याचे निर्मात्याने स्पष्ट म्हटलेले असावे आणि माउंटला ती सरकू न देणारी स्टॉप पिन असावी. पीसीपी रायफल (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) असेल तर ही काळजी जवळजवळ सुटते आणि निवडीला मोकळीक मिळते. आपल्याकडील बहुतेक स्प्रिंग रायफलींवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, तिच्यावर रुंद पिकाटिनी पट्टीसाठीचे माउंट बसत नाही, हेही आधीच पाहून घ्यावे.

क्लिकचा प्रश्न यानंतर येतो. सेकंदाला २४० मीटरच्या आसपास वेगाने निघणारा छरा १८ मीटरवर जुळवून घेतला, तर २७ मीटरसाठी दोन-तीन, ३३ मीटरसाठी आठेक आणि ४१ मीटरसाठी सुमारे वीस क्लिक वर जावे लागते. पाव एमओएचा एक क्लिक ४१ मीटरवर तीन मिलिमीटरचा, म्हणजे क्लिक न बदलल्यास मेंढ्यावर सहा सेंटीमीटरचा फरक पडतो. प्रत्येक फेरीत टरेट असा वर-खाली फिरणार असल्यामुळे तो मूळ जागी परत येतो की नाही, यावर सगळे अवलंबून असते. स्कोप बदलून मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी रायफल पक्क्या आधारावर ठेवून, वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असा चौकोन काढून पाहावा; शेवटचे छरे पहिल्यांच्या जागी पडले नाहीत, तर तो स्कोप कितीही स्वस्त मिळाला असला तरी परत करावा. ही चाचणी करताना मागे चिऱ्याची उघडी भिंत नसावी, मातीचा ढिगारा असावा, कारण चिऱ्यावरून छरा उलट येतो.

किमती विक्रेत्यागणिक बदलतात, पण क्रम सहसा असाच राहतो: साधा ३-९ सर्वांत स्वस्त, त्याच्या आसपास रिमफायरचा २-७, त्यानंतर ४-१२ एओ, आणि बाजूच्या चाकाचे स्कोप त्याच्याही पुढे. स्प्रिंग रायफल आणि पहिलेच वर्ष असेल, तर मी ४-१२×४० एओ घ्यायला सांगेन आणि सरावात तो आठ-दहा पटींवरच ठेवायला सांगेन. तेवढे पैसे नसतील तर २-७ रिमफायर. पीसीपी रायफल असून पुढे फील्ड टार्गेटही खेळण्याचा विचार असेल, तरच बाजूच्या चाकाचा ३-१२ पटतो.

गोव्यात आणखी एक बाब आहे, ती म्हणजे जून ते सप्टेंबरची दमट हवा. नळीत नायट्रोजन भरलेला नसेल तर आत बाष्प धरते, आणि बाहेरच्या भिंगांवर बुरशीचे जाळे बसले की ते पुसून जात नाही. पावसाळ्यात स्कोप फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, आणि गुलाबी पडलेल्या पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा निळ्या करून घ्याव्यात.