ओपलची पट्ट्यांची लोकर: 100 ग्रॅमच्या एका गुंड्यात काय काय झालं

माझी धाकटी बहीण स्टुटगार्टला असते. दिवाळीत येताना काय आणू म्हणून विचारत होती, तर मी म्हटलं चॉकलेटं नकोत बाई, ती मोज्यांची लोकर आण, आपोआप पट्टे पडतात ती. तिने ओपल या जर्मन ब्रँडचे दोन गुंडे आणले. एक संपत आलाय, दुसरा अजून उघडला नाहीये, आणि एका गुंड्यात इतकं काही झालंय की लिहावंसंच वाटलं, कारण मराठीत या लोकरीबद्दल कुणी नीट सांगितलेलं मला तरी सापडलं नाही आणि मी घ्यायच्या आधी खूप शोधलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही लोकर म्हणजे आपली ती नेहमीची मल्टी कलर नाही. मल्टी कलरमध्ये दर चार बोटांवर रंग बदलतो, त्यामुळे विणल्यावर सगळी खिचडी दिसते, कुठे ठिपके कुठे डाग. हिच्यात एकच रंग कित्येक मीटर चालतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि सगळे झाले की परत पहिला. म्हणजे तुम्ही नुसतं गोल गोल सुलटं विणत जायचं, पट्टे आपले आपण पडत जातात. मधेच काही ठिकाणी पांढरा-काळा असा अगदी तुकड्या-तुकड्यांनी रंगवलेला धागा येतो, तो विणला की बारीक तिळासारखी नक्षी उमटते, बघणाऱ्याला वाटतं दोन धागे घेऊन विणलंय. माझी शेजारीण तर उलटं करून आतून बघत होती की धागे कुठे लपवलेत म्हणून. लपवायला धागे नाहीतच ना! ज्यांनी कधी रंग बदलत टोपी विणलीय त्यांना हे कळेल, दहा पट्टे म्हणजे वीस टोकं, आणि ती सुईने आत ओवत बसायचं काम विणण्यापेक्षा कंटाळवाणं. इथे एक सुरुवातीचं टोक आणि एक शेवटचं, संपलं.

आता लेबलवरची माहिती. 100 ग्रॅममध्ये 425 मीटर, 75 टक्के लोकर, 25 टक्के पॉलिअमाइड म्हणजे आपलं नायलॉनच, ते मोजे टाचेला झिजू नयेत म्हणून घालतात. सुई 2.5 मिमी, आणि 10 सेंमीमध्ये 30 टाके 42 ओळी. आईच्या जुन्या नंबरांच्या सुया ज्यांच्याकडे आहेत त्यांनी लक्षात घ्या, 12 नंबर म्हणजे 2.75 आणि 13 नंबर म्हणजे 2.25, त्यामुळे ही मधलीच भानगड आहे. मी निटप्रोची 2.5 ची सर्क्युलर (वायरने जोडलेल्या दोन सुया, गोल विणायला) घेतली, आपल्या भारतातलीच कंपनी आहे आणि जगभरच्या विणणाऱ्या बायका त्यांच्या सुया वापरतात हे मला या निमित्ताने कळलं, फार बरं वाटलं. धागा बारीक आहे हे मात्र आधीच सांगते. जाड लोकरीवर एका रात्रीत मफलर करणाऱ्यांना सुरुवातीला वाटेल की हे पुढे सरकतच नाहीये, पण पट्टा बदलायला लागला की हात थांबत नाही, आता निळा आला, आता हिरवा कधी येतो बघू, असं करत रात्रीचे साडेअकरा वाजतात.

मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली ती म्हणजे टाक्यांचा हिशोब, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. पट्टा किती रुंद पडणार हे लोकरीवर नाही, तुम्ही किती टाके घातलेत त्यावर ठरतं. मी एकदा जमिनीवर मीटर टेप टाकून माझ्या गुंड्यातला निळा धागा मोजला, साधारण साडेसहा मीटर भरला. 56 टाक्यांच्या एका फेरीला साधारण 65 सेंमी धागा लागतो, म्हणजे निळ्याच्या दहा ओळी, छान दोन-अडीच सेंमीचा पट्टा. तेच 36 टाक्यांवर बाळाचे मोजे केले तर तोच निळा सोळा ओळी चालतो आणि अर्धा मोजा निळाच होतो. 120 टाक्यांच्या टोपीवर जेमतेम पाच ओळी, म्हणजे बोटाएवढा बारीक पट्टा. आणि कुणी याची शाल करायला घेतली 300 टाक्यांची, तर एक रंग दोन ओळीसुद्धा पुरत नाही, पट्टा राहतच नाही, नुसत्या रेघा. स्वेटरचंही तेच, अंगाला एक पट्टा आणि बाह्यांना दुसराच, दोन कपडे जोडल्यासारखं दिसतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ही लोकर छोट्या गोल वस्तूंचीच आहे, मनगटी (म्हणजे बिनबोटांचे हातमोजे), टोपी, मोजे, हेडबँड, बाळंतविड्यातलं सामान, इथे तिचं सोनं होतं. मोठ्या कपड्याला घ्यायची असेल तर आधी नमुना विणा, कृपया.

पहिली वस्तू आईसाठी केली. आमच्याकडे नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते आणि आई 78 ची झाली तरी पाचला उठून फुलं तोडायला अंगणात जाते, कितीही सांगा ऐकत नाही. पूर्ण हातमोजे घातले की तिला फूल धरता येत नाही, देठ बोटाला लागत नाही म्हणते, आणि नंतर जपाची माळ ओढताना काढावेच लागतात. म्हणून बिनबोटांचे केले, मनगटापासून बोटांच्या पेरापर्यंत, 18 सेंमी लांब. 56 टाके, खाली दोन सुलटे दोन उलटे अशी 15 ओळींची बॉर्डर, मग नुसतं सुलटं. अंगठ्याच्या जागी मी युक्ती केली, 9 टाके वेगळ्याच रंगाच्या टाकाऊ धाग्याने विणले, ते परत डाव्या सुईवर घेतले आणि आपल्या लोकरीने पुढे विणत गेले, सगळं झाल्यावर तो टाकाऊ धागा हळूच ओढून काढला की वरखाली टाके मोकळे होतात, ते सुयांवर उचलून अंगठा विणायचा. याचा फायदा असा की मधे वळायचं, थांबायचं काही नाही, त्यामुळे तळहातावरचे पट्टे सलग राहतात. अंगठा आधीच विणत बसलं की तेवढा धागा खर्च होतो आणि वरचा पट्टा अचानक अरुंद पडतो.

जोडी जुळवायची असेल तर एक काळजी घ्या. पहिलं मनगटी निळ्याच्या सुरुवातीला सुरू केलं होतं, तर दुसऱ्यासाठी धागा उलगडत उलगडत परत निळ्याच्या सुरुवातीपर्यंत जायचं आणि तिथून टाके घालायचे. मधला जो धागा निघतो तो टाकू नका, अंगठ्याला लागतोच. आणि गुंड्याच्या आतलं टोक आणि बाहेरचं टोक अशी दोन्हीकडून दोन विणू नका, कारण आतून निळा-हिरवा-पिवळा येत असेल तर बाहेरून पिवळा-हिरवा-निळा येतो, उलटा क्रम. हे मी वाचून ठेवलं होतं म्हणून वाचले. काहींना बेजोड आवडतात, माझी भाची म्हणते मावशी वेगवेगळेच छान दिसतात, पण आईला चालत नाही, तिला दोन्ही सारखे हवेत आणि ते सारखे झाले, अगदी ओळ न ओळ.

आई पहिल्या दिवशी ते घालून बाहेर गेली आणि परत आली तेव्हा हात पुढे करून म्हणाली, बघ, गरम आहेत. एवढंच म्हणाली. आता रात्री उशाशी ठेवून झोपते.

दुसरी वस्तू भाचीच्या मुलाची टोपी, वर्षाचा आहे तो, 120 टाके. बारीक पट्टे पडल्यामुळे तीच लोकर आहे हे सांगूनही पटत नाही. फक्त शेंड्याकडे टाके कमी करत जातो तसे पट्टे रुंद होत जातात आणि अगदी वर एकाच रंगाचं वर्तुळ येतं, फुलाच्या मधल्यासारखं. ते मी ठरवून केलेलं नाही, ते तसं होतंच, आणि इतकं सुंदर दिसतं! तिसरी वस्तू बाळाचे मोजे. मग हिशोब लावला, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. मनगटी जोडी 26 ग्रॅम, टोपी 25, बाळाचे मोजे 12. उरले 37, त्यात माझ्यासाठी अजून एक मनगटी जोडी झाली आणि तरी 11 ग्रॅम शिल्लक आहे. वजनकाटा जवळ ठेवाच, जोडीतली पहिली वस्तू झाली की तिचं वजन करायचं, उरलेला गुंडा त्यापेक्षा जड असेल तर दुसरी नक्की होणार, मधेच लोकर संपायची धाकधूक नाही.

टाक्यांबद्दल एक. जाळीची नक्षी, वेण्या, काही करू नका, दिसत नाहीत. मी हौसेने एका नमुन्यात वेणी घातली, पट्ट्यात हरवून गेली, उसवली. आणि उलटा टाका जिथे रंग बदलतो तिथे आधीच्या रंगाचे ठिपके वर येतात, बॉर्डरमध्ये ते थोडे दिसतात, वाईट नाही दिसत पण ज्यांना स्वच्छ रेघ हवी त्यांनी बॉर्डर एकाच रंगात संपेल असं बघावं. क्रोशावाल्यांनी लक्षात ठेवा की तेवढ्याच कापडाला क्रोशाला धागा जास्त लागतो, म्हणजे पट्टे आणखी अरुंद.

धुण्याचं विचारतील म्हणून सांगते, सुपरवॉश आहे. साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाण्यात घासलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बाहुलीचा होतो, सुपरवॉशमध्ये प्रक्रिया करून ते खवले गुळगुळीत केलेले असतात. म्हणून मशीनमध्ये चालते, मी जाळीच्या पिशवीत घालून लोकरीच्या सायकलवर धुतली, पाणी स्वच्छ, रंग तसाच, माप तेच. आई मात्र स्वतःची मनगटी रिठ्याच्या पाण्यातच धुते आणि पंचावर पसरून सावलीत वाळवते, टांगत नाही. तिचीच जास्त मऊ राहिलीत हे मला कबूल आहे.

आता दुसरी बाजूही सांगते. मागच्या वर्षी मी इथल्याच एका दुकानातून पट्टे पडणारी म्हणून एक लोकर घेतली होती, कंपनीही वेगळी. दुकानदार म्हणाले ताई, पट्टेच पडतात, घ्या निश्चिंत. घरी येऊन टोपी विणायला घेतली तर अर्ध्यात गाठ! गुंड्यात गाठ असणं मी समजू शकते, पण गाठीच्या अलीकडे केशरी आणि पलीकडे थेट हिरवा, मधले दोन रंग गायब. पट्ट्यांच्या लोकरीत रंगाचा क्रम हाच तर माल आहे, तो तुटला तर मग मी पैसे कशाचे दिले? परत घेऊन गेले तर म्हणे उघडलेला गुंडा बदलून मिळत नाही. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण ती टोपी एका आजारी मैत्रिणीसाठी होती, केमो चालू होती तिची, आणि रंगांची तिला फार हौस. शेवटी गाठीपर्यंत उसवून, योग्य रंग येईपर्यंतचा धागा काढून टाकून परत जोडलं. तेव्हापासून मी नवीन गुंडा आधी पूर्ण उलगडून हाताने परत गुंडाळते, अर्धा तास जातो पण गाठ असेल तर आधीच कळते. तुम्हीही करा.

किंमत. बहिणीने तिथे गुंड्याला साडेआठ युरो दिले, म्हणजे आठशेच्या पुढेच गेले आपले. लुधियानाच्या वर्धमान, ओसवालच्या अॅक्रिलिकशी तुलना केली तर महागच, आणि रोज वापरायच्या, पोरांनी शाळेत हरवायच्या टोप्यांना मी अजूनही अॅक्रिलिकच घेते. पण एका गुंड्यात चार वस्तू म्हणजे वस्तूमागे दोनशे-सव्वादोनशे, आणि ऊब लोकरीची. या हिशोबाने मला जड नाही वाटलं. इथे मागवलं तर वाहतूक वगैरे धरून किंमत वाढते, म्हणून कुणी येणारं-जाणारं असेल तर त्यांच्याकडून मागवा, शंभर ग्रॅमचं तर ओझं, कुणी नाही म्हणत नाही. सांगताना रंगाचा नंबर सांगा, नुसतं निळी सांगितलं तर काय येईल नेम नाही, कारण रंग शेकड्यांनी आहेत. ऑस्ट्रियाचे चित्रकार हुंडर्टवासर यांच्या चित्रांवरून केलेली एक सिरीज आहे, दुसरी व्हॅन गॉगच्या चित्रांवरून. माझा न उघडलेला गुंडा हुंडर्टवासरचा आहे, गडद निळा, विटकरी आणि मधे एक जर्द पिवळा.

त्याचे बाबांना मोजे करायचेत, 64 टाके, टाचेच्या जागी अंगठ्यासारखाच टाकाऊ धागा घालून टाच शेवटी. बाबा म्हणतात पिवळा नको, म्हातारपणी काय दिसेल. आई म्हणते घाल गं, बुटात कोण बघतंय.