उतारावर ऑटोमॅटिक गाडी: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

परतवाड्याजवळच्या आमच्या गावाकडे जमीन बहुतांशी सपाट आहे, त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी घेताना उताराचा विचार सहसा कोणी करत नाही. आमचे घर मात्र उंच जोत्यावर आहे, अंगणात शिरायला चांगला उभा रॅम्प आहे आणि पाहुणे आले की सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याची फेरी ठरलेलीच असते. त्यामुळे वर्षभरात या गाडीची खरी परीक्षा झाली ती उतारावर उभे राहण्यातच. गाडी पेट्रोलची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत पुढे देणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्सची असून इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते.

गिअरचा लिव्हर 'पी'वर (पार्किंग) नेला की गिअरबॉक्समधल्या दातेरी चक्राच्या खाचेत एक लोखंडी खटका अडकतो आणि पुढची चाके बांधली जातात. हँडब्रेक मागची चाके धरतो. उतारावर थांबून थेट 'पी' टाकले आणि पायातला ब्रेक सोडला, तर खटका खाचेच्या कडेला टेकेपर्यंत गाडी चार बोटे सरकते आणि तिचा सगळा भार त्या खटक्यावर येतो. संत्र्याचे क्रेट भरलेली गाडी आमच्या रॅम्पवर अशी उभी केली, तर निघताना लिव्हर जोर लावून ओढावा लागतो, खटाक असा आवाज होतो आणि आत बसलेल्यांना हिसका जाणवतो. गावातल्या मेकॅनिकचे यावरचे म्हणणे एका ओळीचे आहे: "भाऊ, आधी हँडब्रेक, मंग पी."

क्रम असा: पायाने ब्रेक दाबून गाडी थांबवावी, 'एन' (न्यूट्रल) टाकावे, हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि पाय हळूच सैल करून गाडीला हँडब्रेकवर टेकू द्यावे, मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी' टाकावे आणि इंजिन बंद करावे. निघताना ब्रेक दाबून इंजिन सुरू करावे, लिव्हर 'डी'वर (ड्राइव्ह) आणावा आणि हँडब्रेक सर्वांत शेवटी सोडावा. हा क्रम पाळल्यापासून आमच्या रॅम्पवर तो आवाज येत नाही आणि लिव्हर सपाट जागेइतकाच हलका चालतो.

तथापि त्या आवाजाने गिअरबॉक्स खलास होतो, ही भीती मला अतिरंजित वाटते. खटका भक्कम असतो, आणि त्याच्यावर भार आल्याने आतल्या क्लच प्लेटा झिजत नाहीत. खरी झीज होते ती घाटात वाहनांची रांग लागली असता ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरल्याने. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अशाने ऑइल तापते, आणि एएमटीमध्ये (साध्या गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने आपोआप चालवणारा प्रकार) तर थेट क्लच जळतो. गाडी पूर्ण थांबण्याआधी 'पी' टाकण्याची घाईही खटक्याला महागात पडते. बऱ्याच एएमटी गाड्यांना 'पी' नसतोच; त्यांना हँडब्रेक ओढून गिअरमध्येच बंद करावे लागते, हे घेणाऱ्याला शोरूममध्ये क्वचितच नीट सांगितले जाते.

पावसाळ्यात हँडब्रेकचीही एक अडचण आहे. ओली गाडी बरेच दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली, तर मागच्या ब्रेक ड्रममध्ये लायनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे पट्टे) चिकटतात. म्हणून सपाट शेडमध्ये मी फक्त 'पी' आणि चाकाला गोटा एवढ्यावर भागवतो. रॅम्पवर मात्र अशी सूट घेत नाही.

घाटात पंक्चर झाल्यास केवळ 'पी'वर विसंबून पुढचे चाक जॅकवर उचलणे धोक्याचे आहे, कारण डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणारी गिअरची जोडणी) एक चाक हवेत गेले की दुसरे फिरू शकते आणि गाडी उताराकडे निघू शकते. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना उताराच्या बाजूने ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. मागचे चाक उचलायचे असेल, तर ठोकळे पुढच्या चाकांना लावावेत.