पाठवलेल्या मेलची प्रत: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी संगणकावर एक ई-मेल प्रोग्राम रोज वापरत आहे. मांडणी नीटनेटकी आहे, शोध वेगवान आहे आणि तीन खाती एकाच ठिकाणी पाहता येतात. त्याविषयी तक्रार नाही. लिहायचे आहे ते एकाच गोष्टीविषयी: आपण पाठवलेल्या मेलची प्रत हा प्रोग्राम कितपत सांभाळतो.

चौथ्या महिन्यात एकांनी विचारले की, तुम्ही आम्हाला नेमकी कोणती मुदत कळवली होती. तो मेल त्यांना पोचला होता, त्याला उत्तरही आले होते, पण माझ्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये तो नव्हता; ड्राफ्टमध्ये नव्हता आणि कचरापेटीतही नव्हता. त्यांच्या उत्तराखाली आलेला माझाच मजकूर वाचून मला माझे म्हणणे समजून घ्यावे लागले. जोडलेली फाइल उत्तरासोबत परत येत नसल्यामुळे ती तर त्यांच्याकडूनच मागून घेतली.

पाठवणे आणि प्रत ठेवणे ही एकच क्रिया आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रोग्राम मेल एसएमटीपीने (मेल पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवतात आणि नंतर तोच मेल आयमॅपच्या (सर्व्हरवरचे फोल्डर हाताळण्याच्या पद्धतीच्या) वेगळ्या जोडणीवरून ‘सेंट’मध्ये दुसऱ्यांदा चढवतात. पहिले काम झाले, पण दुसऱ्याच्या वेळी नेटवर्क तुटले किंवा खात्यातील जागा संपलेली असली, तर मेल जातो आणि प्रत राहत नाही. फाइल मोठी असेल तर हा धोका वाढतो, कारण मेलमधून जाताना तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो आणि हे ओझे दोनदा वाहावे लागते. मी ‘पाठवा’ दाबून लगेच लॅपटॉप मिटला असावा. प्रोग्रामने मात्र पहिले काम होताच ड्राफ्ट पुसून टाकला होता, आणि खरी चूक तीच आहे.

माझ्या मते क्रम असा हवा. पाठवण्यापूर्वी संपूर्ण मेल डिस्कवर लिहून ठेवावा. सर्व्हरने तो स्वीकारल्यावर त्यावर ‘पाठवला, प्रत बाकी’ अशी खूण करावी. आणि ‘सेंट’मध्ये प्रत पोचल्याचे उत्तर सर्व्हरकडून आल्याशिवाय डिस्कवरील मेलला हात लावू नये. पुन्हा प्रयत्न करताना फक्त प्रत चढवावी, मेल पुन्हा पाठवू नये. कधीकधी प्रत पोचलेली असते आणि तसे सांगणारे उत्तरच वाटेत हरवते. म्हणून आधी मेसेज-आयडीने (प्रत्येक मेलच्या स्वतंत्र ओळखखुणेने) फोल्डरमध्ये शोध घ्यावा, म्हणजे एकाच मेलच्या दोन प्रती होणार नाहीत.

सातव्या महिन्यातील अपडेटनंतर प्रत ठेवता आली नाही, तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ किंवा ‘या संगणकावर ठेवा’ असे विचारले जाते. सुधारणा खरी आहे, पण अपुरी. प्रतींसाठी निवडलेला फोल्डर मी मुद्दाम वेबमेलमधून पुसला आणि तो प्रश्न समोर असतानाच प्रोग्राम बळजबरीने बंद केला. पुन्हा उघडल्यावर मेल कुठेही नव्हता.

काही सेवा, उदाहरणार्थ जीमेल, आपल्या एसएमटीपी सर्व्हरवरून गेलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतात. मला हीच पद्धत शहाणपणाची वाटते, आणि अशा खात्यासाठी हा प्रोग्राम दुसरी प्रत चढवत नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवे. २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या जेमॅप या सर्व्हरशी बोलण्याच्या नव्या पद्धतीच्या मेलविषयक भागात तर सर्व्हरवरचाच ड्राफ्ट पाठवता येतो आणि पाठवण्याची विनंती स्वीकारली गेली की त्याला ‘सेंट’मध्ये हलवण्याची सूचना त्याच विनंतीत देता येते, मेल दुसऱ्यांदा चढवण्याचा प्रश्नच उरत नाही. या प्रोग्राममध्ये ती सोय अजून नाही.

पॉप पद्धतीने, म्हणजे आलेले मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने, खाते जोडणाऱ्यांनी अधिक जपावे. त्यात प्रत या संगणकावरच राहते, त्यामुळे डिस्क गेली की तीही गेली. खाते जोडताना प्रोग्राम याविषयी चकार शब्द काढत नाही.

हरवल्यासारखी वाटणारी प्रत्येक प्रत हरवलेली नसते, हेही खरे. फोन ‘सेंट’मध्ये आणि संगणक ‘सेंट आयटम्स’मध्ये ठेवत असेल, तर अर्धे मेल दिसतच नाहीत. कोणता फोल्डर पाठवलेल्या मेलचा आहे, हे सर्व्हरने सांगण्याची प्रमाणित पद्धत २०११ पासून उपलब्ध आहे, तरी या प्रोग्रामने माझ्या एका खात्यात नवा फोल्डर तयार केलाच.

सध्या मी प्रत्येक मेलची गुप्त प्रत स्वतःला पाठवतो. हा उपाय अर्धाच आहे, कारण परत आलेल्या प्रतीत आणखी कोणाकोणाला गुप्त प्रत पाठवली, ती नावे नसतात. प्रोग्राम सोडलेला नाही. मात्र खालच्या पट्टीवर ‘प्रत ठेवली’ असे दिसेपर्यंत लॅपटॉप मिटत नाही.