किंगहॅम की हॅदरसेज? इंग्लंडमधल्या खेड्यात घर घेण्याआधी

आठवड्यातून दोन-तीनच दिवस ऑफिसला जायचं, बाकी काम घरून, अशी सवय झाल्यापासून इंग्लंडमधल्या बऱ्याच मराठी घरांत एक विषय वारंवार निघतो. शहराच्या कडेच्या त्या एकसारख्या घरांच्या रांगेत कशाला राहायचं, सरळ खेड्यातच का जाऊ नये? दगडी घर, मागे कुरण, कुरणात मेंढ्या, कोपऱ्यावर पब. हे चित्र खोटं नाही, पण ते मे महिन्यातलं आहे. घर घ्यायचं तर नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता त्या गावात आपलं काय होईल, हे आधी पाहायला हवं.

तुलनेसाठी दोन गावं घेतली आहेत. एक ऑक्सफर्डशायरमधलं किंगहॅम, कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत. दुसरं डर्बिशायरमधलं हॅदरसेज, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. दोन्हीकडे रेल्वे आहे, दोन्ही संरक्षित निसर्गप्रदेशात आहेत, दोन्हीकडे प्राथमिक शाळा, चर्च आणि पब आहेत. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. राहायला गेल्यावर मात्र अगदी वेगळी निघतात, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्टेशन.

स्टेशन कुठे आहे

किंगहॅमचं स्टेशन १८५५ साली सुरू झालं ते चिपिंग नॉर्टन जंक्शन या नावाने. चिपिंग नॉर्टनकडे फाटा काढायचा होता, म्हणून ते तिथे झालं, गावासाठी नव्हे. किंगहॅम हे नाव त्याला १९०९ मध्ये मिळालं. फाटे कधीच बंद झाले, स्टेशन मात्र गावाबाहेर साधारण दीड किलोमीटरवर राहिलं. तिथून ऑक्सफर्ड अर्ध्या तासाच्या आत आणि लंडनचं पॅडिंग्टन सुमारे दीड तासात. लंडनची नोकरी न सोडता खेड्यात राहायचं असेल तर ही सोय फार मोठी आहे. पण डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि परतीच्या गाडीतून उतरल्यावर तो दीड किलोमीटर उरतोच. त्यामुळे बहुतेक लोक स्टेशनवर मोटार लावून जातात. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे असतील तर तिथे दोन गाड्या लागतातच, असं धरूनच हिशोब करा.

आणखी एक गोष्ट घर दाखवणारे सांगत नाहीत. हा रेल्वेमार्ग १९७१ मध्ये बऱ्याच लांबीवर एकेरी केला गेला. २०११ मध्ये त्यातला मोठा भाग पुन्हा दुहेरी झाला, पण ऑक्सफर्डपासून चार्लबरीजवळपर्यंतचा तुकडा अजून एकेरीच आहे. समोरची गाडी उशिरा आली की आपली थांबते. लंडनला रोज जाणाऱ्याला हे जाचतं, आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला सोसवतं.

हॅदरसेजचं स्टेशन १८९४ चं आणि ते गावाच्या कडेलाच आहे, घरातून चालत जाऊन गाडी पकडता येते. शेफील्ड वीसेक मिनिटांवर, मँचेस्टर तासाभराच्या अंतरावर. थांबत जाणारी गाडी साधारण तासाला एक, म्हणजे चुकली तर चांगलंच थांबावं लागतं. पण या मार्गाची खरी किंमत हिवाळ्यात कळते. शेफील्डला जाणारा मोटाररस्ता उघड्या माळरानावरून, फॉक्स हाउसच्या चढावरून जातो आणि बर्फ पडला की आधी तोच अडतो. रेल्वे मात्र त्याच डोंगराच्या पोटातून, साडेपाच किलोमीटरहून लांब टॉटली बोगद्यातून निघून जाते. लंडनला मात्र इथून रोज जाणं विसराच. शेफील्डहून लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन सुमारे दोन तास, त्यात अलीकडचा-पलीकडचा वेळ धरायचा.

एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ऑक्सफर्डचं स्टेशन शहराच्या पश्चिमेला आणि जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटल पूर्वेला हेडिंग्टनच्या चढावर, म्हणजे गाडीनंतर अख्खं शहर ओलांडणारी बस. शेफील्डमध्ये रॉयल हॅलमशायर हॉस्पिटल त्या मानाने जवळ, पण नॉर्दर्न जनरल उत्तर टोकाला आहे. रात्रपाळ्या असतील तर दोन्ही गावांत रेल्वेच्या भरवशावर राहू नका, गाडी हवीच.

दगड, छप्पर आणि परवानगी

किंगहॅमची घरं मधाच्या रंगाच्या चुनखडीची. उतरत्या उन्हात ती आतून दिवा लावल्यासारखी उजळतात, आणि या रंगासाठीच लोक जास्त पैसे मोजतात. हॅदरसेजचा दगड भरड वालुकाश्म, काळपट, पावसात आणखी काळा. पहिल्या भेटीत तो उदास वाटतो. मला तो जास्त आवडतो, कारण त्यात गावाचं काम दिसतं. याच दगडाची दळणाची जाती कापून इथून दूरवर जात असत. स्टॅनेज एज या कड्याखाली अर्धवट घडवलेली, कुणी न नेलेली जाती आजही गवतात पडून आहेत, आणि पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचं बोधचिन्हही जातंच आहे. एकोणिसाव्या शतकात गावात तार ओढण्याचे आणि सुया बनवण्याचे कारखाने होते. आजही डिझायनर डेव्हिड मेलर यांची सुरी-काट्यांची कार्यशाळा तिथे चालते. गावच्या जुन्या गॅसच्या टाकीच्या जागी १९९० मध्ये उभारलेली ती गोल इमारत वास्तुशास्त्राचे विद्यार्थी मुद्दाम बघायला येतात.

घर जुनं असेल तर ते संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे का, हे बोली लावायच्या आधी विचारा. असेल तर खिडक्या बदलायलाही संमती लागते आणि दुहेरी काचेचा प्रश्न निघतोच. यादीत नसलं तरी दोन्ही प्रदेशांत वाढीव बांधकामाची मोकळीक इतर ठिकाणांपेक्षा कमी आहे. अर्ज मात्र वेगळ्या दारी करायचा: किंगहॅमसाठी वेस्ट ऑक्सफर्डशायर जिल्हा परिषदेकडे, हॅदरसेजसाठी थेट राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाकडे. पुढे आई-बाबा येऊन राहतील म्हणून मागे एक खोली काढू, असा बेत असेल तर तो घर घेतल्यावर नव्हे, आधी तपासा.

खेड्यातल्या घराला पाइपने येणारा गॅस असेलच असंही नाही. नसेल तर बागेतल्या टाकीत तेल भरून घर तापवावं लागतं आणि ते तेल एकदम, घाऊक घ्यावं लागतं. सांडपाणी गावाच्या गटारात जातं की मैलाटाकीत, हाही प्रश्न लगेच विचारावा. किंगहॅमच्या बाजूला एव्हनलोड नदीचं खोरं आहे, हॅदरसेजला डरवेंट. पुराचा सरकारी नकाशा फुकट बघता येतो, तो घराच्या पत्त्यानिशी बघावा.

चालायचं कुठे

यात फरक मोठा आहे आणि फोटोंत तो अजिबात दिसत नाही. किंगहॅमच्या भोवती शेती आहे. पायवाटा भरपूर, त्यांवरून जायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे, पण हक्क त्या वाटेपुरताच. वाट सोडून शेतात शिरलात तर ते दुसऱ्याचं रान. फाटक उघडलं तर बंद करायचं, मेंढ्या असतील तर कुत्रा दोरीला बांधायचा.

हॅदरसेजवरचा माळ तसा नाही. तिथे बहुतांश ठिकाणी वाट सोडूनही मनमुराद चालता येतं. हे सहज मिळालेलं नाही. जवळच्याच किंडर स्काउट या डोंगरावर २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे शेकडो लोक, त्यांत बरेच कामगार, जमीनदारांची बंदी झुगारून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे राष्ट्रीय उद्यानांसाठीचा १९४९ चा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि माळरानावर मुक्तपणे हिंडायचा हक्क २००० च्या कायद्याने पक्का केला. सह्याद्रीत मनाला येईल तसं चढलेल्या माणसाला या माळावर पाऊल टाकल्यावर जो मोकळेपणा जाणवतो, तो कॉट्सवोल्ड्सच्या कुंपणांमध्ये जाणवत नाही. डोंगर चढणारे असाल तर माझ्या मते इथेच निर्णय झाला. नसाल, संध्याकाळी वृद्ध आई-वडिलांबरोबर सपाटीवर तासभर फिरायचं असेल, तर किंगहॅमच्या वाटा जास्त सोप्या. हॅदरसेजला घराबाहेर पडलं की बहुधा चढच लागतो, पाऊसही जास्त.

किंगहॅमच्या परिसराला एक धागा आपल्या इतिहासाचाही आहे. शेजारच्या चर्चिल गावात १७३२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जचा जन्म झाला. वडगावचा १७७९ चा तह धुडकावणारा आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपवणारा तोच गव्हर्नर-जनरल. पूर्वजांच्या हातून गेलेली डेल्सफर्डची जहागीर त्याने १७८८ मध्ये परत विकत घेतली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला होता. तो पुरलेला आहे तोही डेल्सफर्डलाच. किंगहॅमहून चालत तिथे जाता येतं. ज्या माणसाशी महादजी शिंद्यांनी वाटाघाटी केल्या, त्याचं बालपण आणि म्हातारपण या एवढ्याशा टापूत गेलं, हे तिथे उभं राहून पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. मुलांना न्यावंच.

मुलं

प्राथमिक शाळा दोन्ही गावांत आहे आणि मूल चालत शाळेत जातं, हे सुख शहरातून आलेल्यांना फार भावतं. पुढचं शिक्षण किंगहॅमच्या मुलांना सहसा चिपिंग नॉर्टनला, हॅदरसेजच्या मुलांना खोऱ्यातच होप गावी. आठ वर्षांखालच्या मुलाला दोन मैलांपेक्षा आणि त्यावरच्याला तीन मैलांपेक्षा दूरच्या, पण जवळात जवळच्या योग्य शाळेत जावं लागत असेल, तर वाहतूक मोफत मिळते. तुम्ही लांबची शाळा निवडलीत तर मिळत नाही.

खरा प्रश्न तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर येतो. किंगहॅममध्ये त्या वयाच्या मुलाला मित्राकडे, क्लासला, सिनेमाला न्यायचं तर बहुतेक वेळा आई किंवा बाबाच चालक. हॅदरसेजचं मूल शनिवारी स्वतः चालत स्टेशनवर जातं आणि शेफील्ड गाठतं. उन्हाळ्यात गावातच १९३६ पासूनचा, गरम पाण्याचा उघड्यावरचा पोहण्याचा तलाव आहे. स्टॅनेजच्या कड्यावर दोर लावून चढायला देशभरातून लोक येतात, म्हणून गावात गिर्यारोहणाच्या सामानाची दुकानंही आहेत. स्वतःच्या पायाने बाहेर पडू शकणारं मूल खेड्यात रमतं. हे माझं ठाम मत आहे आणि मी हॅदरसेजकडे झुकते ती मुख्यतः यामुळेच.

वर्गात सावळं मूल आपलं एकटंच असण्याची शक्यता दोन्हीकडे आहे. त्याला काय वाटेल हे आपण परस्पर ठरवू नये, शाळा बघायला त्यालाच घेऊन जावं आणि त्याचं ऐकावं.

माणसं आणि किराणा

गावात मिसळायचा रस्ता दोन्हीकडे एकच आहे, काहीतरी काम अंगावर घेणं. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा बरीच कमी अधिकारांची संस्था, पण तिच्या सभेला कुणीही जाऊन बसू शकतं. गावच्या सभागृहातला कार्यक्रम, क्रिकेटच्या सामन्यातला चहा, जत्रेतला स्टॉल यांना हात हवेच असतात. पबमध्ये दारू घ्यावीच लागत नाही. किंगहॅमचे दोन्ही नामांकित पब आता उत्तम जेवणासाठी ओळखले जातात आणि त्यांचे दरही तसेच आहेत. डेल्सफर्डचं सेंद्रिय शेतमालाचं मोठं दुकान जवळ आहे, लंडनहून लोक खास येतात. रोजची भाजी तिथून घेणं बहुतेकांना परवडणार नाही. हॅदरसेजला शनिवार-रविवारी चढाईवाल्यांची आणि भटक्यांची गर्दी, पार्किंगची ओढाताण. पण तीच गर्दी दुकानं जिवंत ठेवते.

कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, भाजणीचं सामान यांसाठी किंगहॅमहून ऑक्सफर्डचा काउली रोड, हॅदरसेजहून शेफील्ड. गणपतीला लंडनच्या महाराष्ट्र मंडळात (स्थापना १९३२) जायची सवय असेल तर किंगहॅमहून एका दिवसात जाऊन येता येतं. हॅदरसेजहून तो प्रवास सणाचा अर्धा दिवस खातो.

मग कुणी काय घ्यावं

दोघांपैकी एकाची नोकरी लंडनला बांधलेली असेल तर किंगहॅम, पण घराच्या किमतीत दोन गाड्यांचा आणि रेल्वे पासाचा खर्च मिळवून. लंडनचा पैसा तिथे पोचलेला आहे, त्यामुळे त्याच रकमेत घर लहान मिळणार हे गृहीत धरा. नोकरी शेफील्ड किंवा मँचेस्टरला असेल, किंवा पूर्णपणे घरून, आणि घरात शाळकरी मुलं असतील, तर हॅदरसेज. स्वस्त तेही नाही. खोऱ्यात होपजवळ १९२९ पासूनचा सिमेंटचा कारखाना आणि त्याची उंच चिमणी आहे, ती माळावर चढलं की दिसते. ती आधी पाहून घ्या, म्हणजे नंतर खटकणार नाही.

दोन्हीकडे आधी भाड्याने राहता आलं तर ऑक्टोबर ते मार्च राहा, उन्हाळ्यात नको. भाड्याची घरं या गावांत मोजकीच निघतात, तेव्हा शेजारही धुंडाळा: हॅदरसेजऐवजी बॅमफर्ड किंवा ग्रिंडलफर्ड, दोन्ही त्याच रेल्वेवर. किंगहॅम हाताबाहेर जात असेल तर चार्लबरी बघा. ते थोडं मोठं आहे, ऑक्सफर्डला आणखी जवळ आहे, आणि तिथे स्टेशनवरून दुकानांपर्यंत चालत जाता येतं.