काळ्या जमिनीत भाजीचा वाफा: खणून करावा की थर रचून?

घरामागे भाजीचा वाफा करायचा तर दोन वाटा आहेत. जमीन खणून तिच्यात कुजलेलं शेणखत मिसळायचं, किंवा न खणता जमिनीवरच पुठ्ठा, शेण, काडीकचरा यांचे थर रचून जागच्या जागी कुजू द्यायचे. खानदेशातल्या काळ्या जमिनीसाठी माझा कौल थरांना आहे, पण ते मृगाच्या आसपास रचले तरच.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. ओलीत कुदळ मारली तर लोंदा पात्याला चिकटून वर येतो आणि वाळल्यावर त्याचं दगडासारखं ढेकूळ होतं. मे महिन्यात मारली तर कुदळ उसळते. वाफसा, म्हणजे माती ना चिकट ना कडक अशी बेताची ओल, असेल तेवढे मोजके दिवसच खणणं जमतं. त्यात लव्हाळा या चिवट तणाच्या जमिनीतल्या गाठी तुटून वाफाभर पसरतात. थरांखालचा पुठ्ठा बरंचसं तण दाबतो. लव्हाळा मात्र त्यालाही भेदून वर येतो, तो उपटतच राहावा लागतो. पावसाळ्यात पाणी साचून वांगी-मिरचीची मुळं गुदमरतात, तिथे जमिनीपासून उचललेला वाफा फार उपयोगी पडतो.

थरांना माल मात्र भरपूर लागतो. १० बाय ४ फुटांचा वाफा दीड फूट रचायचा तर ६० घनफूट, आणि कुजता कुजता तो निम्म्यावर बसतो. खणलेल्या वाफ्याला ३ इंच शेणखत, म्हणजे १० घनफूट पुरतं. जळगाव-भुसावळच्या कॉलनीत राहत असाल तर खणणंच परवडेल.

रावेर, यावल, चोपड्याकडे ही अडचण नाही. घड उतरल्यावर केळीचे खांब बांधावर पडून असतात. खांबात सुमारे ९० टक्के पाणीच असतं. उभा चिरून वीत-वीतभर तुकडे थरात घातले की आतली ओल टिकते. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) बारीक तोडून तळाशी घाला, पण वाळकी बोंडं आधी काढून टाका, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. पुठ्ठ्याची टेप काढा, तो चिंब भिजवून कडा एकमेकींवर चढवा. त्यावर पऱ्हाट्या, शेण, केळीचे तुकडे, भुसा, पुन्हा शेण. कोरडं दोन-तीन वाटे, ओलं एक वाटा. सगळ्यांत वर ३ इंच चांगलं कुजलेलं खत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला थर रचू नका. ४४-४५ अंशांच्या उन्हात ते वाळतात, वाळले की कुजणं थांबतं आणि पुठ्ठ्याला वाळवी लागते. पिण्याच्या पाण्याची ओढाताण असताना वाफ्यावर रोज बादल्या ओतणं मला पटत नाही. जूनमध्ये रचला तर ते काम पाऊसच करतो. ऑक्टोबरात एक कोपरा उचकून पाहा: पुठ्ठा बोटांनी तुटतो, त्याच्या घडीत गांडुळं असतात आणि खालची माती, जिला कुदळ लागली नव्हती, ती मुठीत भुसभुशीत येते.

लागवडीचंही बघा. थरांत ओंजळभर खत-माती भरून वांग्याची रोपं, गिलके, भोपळा लगेच लावता येतात. मेथी-कोथिंबिरीच्या बियांना बारीक माती लागते, आणि मुळा-गाजर अर्धवट कुजलेल्या थरांत सरळ वाढत नाहीत. यांच्यासाठी पहिल्या वर्षी खणलेलाच वाफा बरा. फक्त त्यात कच्चा काडीकचरा मिसळू नका: तो कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. कच्च्या शेणखताबरोबर मुळं खाणारी हुमणी अळीही येते.

दसरा उलटून गेल्यावर ठरवत असाल तर यंदा मेथीपुरता छोटा वाफा वाफशावर खणून घ्या, आणि कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या जाळू न देता, वाळकी बोंडं काढून, जूनसाठी एका कडेला रचून ठेवा.