राइमझोन: ‘लव्ह’ला यमक शोधायला कितपत कामाचं?

इंग्रजीत गाणं, रॅप किंवा जिंगल लिहायला बसलं की ‘लव्ह’ टाळता येत नाही, आणि यमकांचा दुष्काळ आहे तो नेमका याच शब्दाला. डव्ह, ग्लव्ह, शव्ह, अबव्ह. रोजच्या वापरातली नेमकी यमकं एवढीच. म्हणून यमक शोधून देणारं साधन पारखायचं तर हाच शब्द टाकून पाहावा. ‘टाइम’ला क्राइम, लाइम, प्राइम, चाइम, क्लाइम कुणीही काढून देईल.

राइमझोन हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. ते फुकट आहे, नोंदणी लागत नाही, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. इंग्रजी यमकांसाठी आधी हेच उघडावं असं आमचं मत आहे. मात्र त्याचा कान अमेरिकन आहे, आणि हे लक्षात न घेता यादीतले शब्द उचलले की गाणं गायला घेतल्यावर घोटाळा होतो.

कान अमेरिकन का, ते त्याच्या पायात आहे. शब्दांचे उच्चार येतात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या उच्चारकोशातून. या कोशात १,३४,००० हून जास्त शब्द आहेत. प्रत्येक शब्द ३९ ध्वनींच्या खुणांनी लिहिलेला आहे आणि स्वरापुढे जोराचा आकडा आहे: १ म्हणजे मुख्य जोर, २ म्हणजे दुय्यम, ० म्हणजे जोर नाही. नेमकं यमक ठरतं ते शेवटच्या जोरदार स्वरापासून. तिथून पुढचं सगळं तंतोतंत सारखं हवं आणि त्या स्वराआधीचा ध्वनी वेगळा हवा. गझल लिहिणाऱ्यांना हे पटकन कळेल: अलामत, म्हणजे यमकाच्या शेवटच्या अक्षराआधीचा कायम राहणारा स्वर, हीही जुळायला हवी आणि तिच्या पुढचं अक्षरही. सैल यमकात अलामत धरून ठेवायची आणि पुढचं व्यंजन जवळपासचं घ्यायचं.

स्पेलिंगवर न जाता उच्चारावर जाणं ही या साधनाची मोठी जमेची बाजू. १७७५ साली जॉन वॉकरने इंग्रजी शब्द शेवटाकडून उलटे लावून कोश केला होता. त्या पद्धतीत ‘लव्ह’च्या आसपास ‘मूव्ह’, ‘प्रूव्ह’, ‘ग्रोव्ह’ हे सगळे एका रांगेत येतात, कारण शेवटची तीन अक्षरं तीच. ही डोळ्यांची यमकं, कानाची नव्हेत. (शेक्सपिअरच्या १६०९ मध्ये छापलेल्या सॉनेटांत ‘प्रूव्हड’ आणि ‘लव्हड’ जुळवलेले आहेत. त्या काळच्या उच्चारात ते जुळत असावेत, असं उच्चारांचे अभ्यासक मानतात. आज तसं लिहिलं तर ऐकणाऱ्याला खटकतं.)

वापरताना शब्द टाकायचा, नेमक्या यमकांची यादी उघडायची. निकाल सिलॅबलच्या, म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांच्या, संख्येप्रमाणे गटांत येतात, आणि ही मांडणी गीतकाराच्या फार सोयीची आहे, कारण चालीत जागा किती उरली आहे ते आपल्याला आधीच माहीत असतं. एका सिलॅबलच्या गटातून सुरुवात करा. आडनावं आणि कधी न ऐकलेले शब्द सरळ सोडून द्या. ज्या जोडशब्दाच्या शेवटी ‘लव्ह’च आहे तोही सोडा. शब्द स्वतःशीच जुळतो, त्यात यमक कसलं? ‘फॉक्सग्लव्ह’, ‘टर्टलडव्ह’ यांच्याबाबतीत थांबून विचार करा. मुख्य जोर पहिल्या सिलॅबलवर असल्याने ओळीच्या शेवटी ते दुबळे पडतात. ‘अबव्ह’चा जोर शेवटावर आहे, तो बिनधास्त वापरा. ‘डव्ह’ही एकदा म्हणून पाहा. कबुतर असेल तर डव्ह. सूर मारला या अर्थाचा अमेरिकन भूतकाळ असेल तर तेच स्पेलिंग ‘डोव्ह’ होतं आणि यमक जातं.

आता घोटाळ्याची जागा. या कोशात ‘ऑफ’चा, म्हणजे ‘चा-ची-चे’ अर्थाच्या त्या शब्दाचा, उच्चार ‘अव्ह’ असा आहे, त्यामुळे तो ‘लव्ह’चं नेमकं यमक ठरतो. अमेरिकन गायकाच्या तोंडी ‘थिंकिंग अव्ह’ आणि ‘लव्ह’ सुरेख बसतात. ब्रिटिश उच्चारात जोर देऊन म्हटलं की तोच शब्द ‘ऑव्ह’ होतो. आपल्याकडे तर बहुतेक जण ‘ऑफ’च म्हणतात: स्वरही वेगळा, व्यंजनही वेगळं. कागदावर पास झालेली ओळ रेकॉर्डिंगला नापास होते ती अशी. एक तर गायकाकडून ‘अव्ह’ घोटून घ्या, नाही तर ती ओळ बदला. ‘ग्लव्ह’चंही तेच. पुष्कळ मराठी तोंडांत तो ‘ग्लोव्ह’ असतो.

एवढं करून हाती राहतात चार शब्द, आणि चौघेही वापरून झिजलेले. खरी मजा जवळच्या यमकांच्या यादीत आहे. ती लांबलचक असते आणि तिच्यात कसदार शब्दांबरोबर भुसाही पुष्कळ असतो. चाळणी लावायची ती व्यंजनांच्या कुळांची. ‘व्ह’चा सगळ्यात जवळचा भाऊ ‘फ’: ओठ-दात त्याच जागी, फक्त कंठातला घोष नाही. म्हणून इनफ, टफ, रफ, स्टफ, ब्लफ हे पहिल्या पसंतीचे. त्यानंतर घासून निघणारा ‘झ’: बझ, फझ, डझ. मग ब आणि ड: क्लब, ब्लड, फ्लड, मड. शेवटी अनुनासिकं: कम, सम, वन, सन. जितकं लांबचं कूळ तितकं यमक सैल. स्वर बदलून ‘व्ह’ तेवढा राखणारे लिव्ह, लीव्ह, ग्रेव्ह मात्र ओळीच्या शेवटी ठेवू नका. गाताना स्वर लांबतो आणि व्यंजन शेवटी पुसटसं येऊन जातं. त्यामुळे स्वर चुकला की लगेच कळतं, व्यंजन थोडं हललं तर खपून जातं.

या दोन ओळी मोठ्याने म्हणून पाहा:

डोन्ट ब्रिंग मी द मून, आय हॅव लाइट इनफ,
जस्ट कम होम अर्ली, दॅट्स ऑल्सो लव्ह.

‘फ’ आणि ‘व्ह’चा फरक कानाला टोचत नाही. शिवाय ‘अबव्ह’ आणला असता तर मागोमाग आकाश, तारे, देव ओढून आणावे लागले असते. ‘इनफ’मुळे ओळ घरात राहिली. जवळच्या यमकाचा हा फायदा मोठा आहे: अर्थाची वाट मोकळी राहते.

मूळ शब्दच थोडा बदलून शोधणं हीसुद्धा कामाची युक्ती आहे. ‘लव्हिंग’ टाकलं की नेमकं ‘शव्हिंग’ मिळतं, पण सैल यमकांत कमिंग, रनिंग, नथिंग अशी रांग लागते.

काही गोष्टी हे साधन देऊ शकत नाही. कोशात नसलेल्या शब्दाचा उच्चार ते स्पेलिंगवरून अंदाजाने ठरवतं. गावाचं किंवा माणसाचं मराठी नाव टाकलंत तर आलेल्या यादीवर विसंबू नका. आपल्या तोंडात ‘लव्ह’ आणि ‘सर्व्ह’ बऱ्यापैकी जवळ येतात, पण अमेरिकन कानाला ‘सर्व्ह’मधला रकारमिश्रित स्वर निराळाच. श्रोते इथले असतील तर अशी जोडी स्वतःच्या जबाबदारीवर घ्या. प्रोग्रॅमिंग येत असेल तर यामागची डेटाम्यूज ही सेवा थेट वापरता येते: नेमकी आणि जवळची यमकं वेगवेगळी मागता येतात, आणि दिवसाला १,००,००० विचारणांपर्यंत परवान्याची चावीही (एपीआय की) लागत नाही.

मराठी-इंग्रजी मिसळून लिहिणाऱ्यांना मात्र इथून पुढे आपला कानच वापरावा लागतो. ‘लव्ह’ला मराठीत शब्दांची चणचण नाही: दव, चव, रव, आठव, अनुभव, वैभव. गाताना ‘व्ह’मधला हकार जवळजवळ गळून जातो आणि ‘लव्ह’ थेट ‘दव’च्या शेजारी येऊन बसतो. यातला ‘आठव’ सगळ्यांत गोड. त्याचा शेवटचा ‘व’ नीट उच्चारायला गायकाला सांगा, नाही तर घाईत तो ‘आठौ’ ऐकू येतो.