एल्कसाठी जी-५ मॉन्टेक: टोक दणकट, धार मात्र आपल्या हातची

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. हे अमेरिकेत रीतसर परवाना काढून जाणाऱ्यांसाठी. कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, धनुष्यबाणाने केलेल्या शिकारीसाठी बाणाचं टोक किमान ७/८ इंच रुंद आणि किमान दोन पोलादी धारांचं लागतं. जी-५ कंपनीच्या मॉन्टेकचं १०० ग्रेनचं, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमचं, तीन पात्यांचं टोक १ १/१६ इंच भरतं.

हे टोक अख्खं एकसंध आहे. सुटी पाती नाहीत, त्यामुळे बरगडीवर आदळून निखळायला काही नाही. उघडणाऱ्या पात्यांची टोकं जखम मोठी करतात, पण उघडण्यातच बाणाचा जोर खर्च होतो. धनुष्याची ओढ पन्नास पौंडांच्या आसपास असेल, तर एल्कसाठी ती घेऊच नयेत.

धारेचं काम मात्र मनापासून करावं लागतं. बोथट पातं रक्तवाहिनी कापत नाही, बाजूला सारतं, आणि जनावर जखमी होऊन मैलोन् मैल पळतं. मॉन्टेकची कोणतीही दोन पाती दगडावर एकदम सपाट बसतात, त्यामुळे कोन धरायची कसरत नाही. धारेवर मार्करची शाई फासा, ती पूर्ण निघेपर्यंत ६०० ग्रिटच्या (दाण्याच्या) दगडावर घासा, मग त्याहून बारीक १२०० वर, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. तिन्ही जोड्यांना हात मोजून सारखेच द्या, नाहीतर टोक एका अंगाला झिजतं आणि बाण भरकटतो. या रचनेत धारेचा कोन ६० अंशांचाच येतो. वस्तऱ्याची धार मिळत नाही, पण आलेली टिकते. ताणलेला रबर बँड टेकवताच तुटला, की झालं.

टोक बसवल्यावर बाण फिरवून बघा. टोक डुगडुगलं तर इन्सर्ट, म्हणजे बाणाच्या नळीतला टोक धरणारा तुकडा, बहुधा तिरका आहे. तो बाण शिकारीला नेऊ नका. मग २० आणि ३० यार्डांवर सरावाच्या टोकाशी ताडून पाहा. मॉन्टेक डावीकडे लागत असेल तर रेस्ट (धनुष्यावरचा बाण टेकवायचा आधार) अगदी केसभर उजवीकडे, वर लागत असेल तर खाली सरकवा. १२५ ग्रेनचं घेतलंत तर हे सगळं नव्याने करा, कारण पुढचं वजन वाढलं की सुटताना बाण जास्त वाकतो.

नेहमीच्या स्टेनलेस स्टीलऐवजी कार्बन स्टीलचा प्रकार घेतला, तर पावसात भिजल्यावर त्याच रात्री पुसून तेलाचा हात फिरवा. गंज आधी धारेवरच चढतो.